भावजींचा वेगवान प्रोसेसर

आमचे धाकटे दीर वस्तू विकत घेत नाहीत, निवडतात. पंखा निवडताना उन्हाळा संपला. घरातले सगळे वर्तमानपत्रानं वारा घेत बसले होते आणि भावजी पात्यांचा कोन समजावत होते. माणूस वाईट नाही, पण त्यांचं ऐकत बसायचं तर बसकण जाड हवी.

त्यांचं एक तत्त्व आहे. दुकानदाराला काही विचारायचं नाही. विचारलं की तो विकायला लागतो, म्हणे. मग तो दुकानात बसतो कशाला, हे मी विचारून पाहिलंय.

त्यांच्या बायकोला, म्हणजे माझ्या जावेला, एका छापखान्यानं घरबसल्या टायपिंगचं काम देऊ केलं. लग्नानंतरची तिची ही पहिली कमाई. हस्तलिखितं घरी यायची होती, कॉम्प्युटर मात्र तिचा. मालकानं स्पष्ट सांगितलं, सोमवारी सुरुवात झाली नाही तर काम दुसरीला. जाऊ म्हणाली, तयार आणू. भावजी म्हणाले, मी जोडतो, अर्ध्या पैशात.

टायपिंगला नवाकोरा प्रोसेसर कशाला, काही वर्षांपूर्वीचा पुरतो, हे त्यांचं म्हणणं मलाही पटलं. मग दोन जुन्या प्रोसेसरांची तुलना सुरू झाली. जेवताना तेच, अंघोळीला जातानाही तेच. शेवटी त्याच किमतीत जास्त वेगवान होता तो आणला. विजयी चेहऱ्यानं, अर्थात कुणाला न विचारता.

रविवारी सकाळी त्यांनी सगळं जोडलं. दिवा लागला, पंखा फिरला आणि स्क्रीन काळाठिक्कर. भावजींनी वायर बदलली, प्लग बदलला, मग बायकोकडे पाहिलं.

"तू इथं झाडलंस?"

"झाडलं. म्हणून रुसला का तो?"

"भावजी, दुकानात विचारा," मी म्हटलं.

"वहिनी, तुम्हाला यातलं कळत नाही."

"कळत नाही म्हणूनच विचारायला सांगतेय."

ते पुन्हा वायरीत शिरले. जावेनं केस बांधले, चपला घातल्या, त्यांच्या हातातून वायर काढली आणि अख्खा खोका उचलून निघाली. मागून भावजी, त्यांच्यामागून मी. असला तमाशा मी सोडत नाही.

दुकान भरलेलं होतं. तिनं काउंटरवर खोका आपटला. "यात चित्र का येत नाही?"

दुकानदारानं आत डोकावून पाहिलं. "बाई, या प्रोसेसरात चित्र दाखवायची सोयच नसते. वेगळं कार्ड लावावं लागतं. घेताना विचारलं असतंत तर सांगितलं असतं."

भावजी छताकडे बघत होते.

"कार्ड नको. चित्र दाखवणारा प्रोसेसर द्या, हा परत घ्या."

"देतो. याच किमतीत एक आहे."

"तो हळू आहे," भावजी छताला म्हणाले.

"मीही हळूच टाइप करते," जाऊ म्हणाली. दुकानदारानं तिथंच बदलून, चालवून दाखवला.

सोमवारी छापखान्याचा माणूस कागदांचा गठ्ठा देऊन गेला. जाऊ कामाला बसली. पहिलं पान होईपर्यंत भावजी तिच्या खुर्चीमागे उभे.

"तो असता तर ही फाइल निम्म्या वेळात उघडली असती."

मान न वळवता ती म्हणाली, "आणि बघितली कशात असती?"

भावजी चहा टाकायला गेले.