थेरपीला निघताना मागितलेला पासपोर्ट

मागच्या सोमवारी सकाळी, आमच्या बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये, लेकीने मला विचारलं, "ममा, डिड यू टेक माय पासपोर्ट?"

एलिशा सहा वर्षांची आहे. आणि आम्ही कुठे चाललो होतो... तर इथेच, दुबईच्या अल बर्शामध्ये, दोन सिग्नल पलीकडच्या थेरपी सेंटरला.

थोडं आधीचं सांगते. एलिशा हुशार आहे, लाघवी आहे, पण एका जागी बसत नाही आणि ठरलेलं काही बदललं की तिचा तोल जातो. शाळेत पीटीचा तास रद्द झाला तरी किंचाळते, स्वतःच्याच हाताला चावते. डॉक्टरांनी बिहेवियरल थेरपी सुचवली आणि निक्षून सांगितलं, तिला आधीपासून तयार करा, आयत्या वेळी नेऊन उभं करू नका.

तयारी म्हटलं की मी पदर खोचून उभी. हॉटेलच्या फ्रंट ऑफिसला नोकरी करते, दिवसभर तेच तर काम. तिला सेंटरचे फोटो दाखवले, त्या रस्त्याने मुद्दाम गाडी नेली, घरी बाहुल्यांना घेऊन थेरपी-थेरपी खेळलो. इथपर्यंत सगळं शहाण्यासारखं चाललं होतं.

मग माझ्या अंगात ॲडमिशनवाली आई संचारली... मॅडमच्या डोळ्यांत बघून गुड मॉर्निंग म्हणायचं, पाय हलवायचे नाहीत, रंग विचारले की पटापट सांगायचे. जिला एका जागी बसणं जमत नाही म्हणून थेरपी, तिला मी आधी नीट बसायला शिकवून मग तिकडे नेणार होते!

माझा नवरा रॉनी हसत होता. पण रविवारी चर्चमधून येताना त्यानेही तिला धीर दिला, "अगं काही नाही, पाच मिनिटांचं काम. हसत जायचं, हसत यायचं." आम्हाला वाटलं, पोरगी तयार झाली.

तर पार्किंगमध्ये... तिची बॅग जड लागली म्हणून मी उघडली. मी फक्त पाण्याची बाटली आणि तिचा कापडी ससा भरला होता. आत नाइट ड्रेस, टूथब्रश आणि वसईच्या आजीने शिवलेला फ्रॉक निघाला.

पासपोर्ट कशाला गं, मी विचारलं. सीट बेल्ट लावत ती अगदी शांतपणे म्हणाली, "फॉर आफ्टर. इफ आय ॲम अनफिट."

मला आधी काही कळेना. मग एडविन आठवला.

एडविन म्हणजे रॉनीचा मावसभाऊ. नोकरी लागली म्हणून खुशीत दुबईला आला होता, आमच्या हॉलमध्ये झोपायचा, एलिशाला कॅरम शिकवायचा. इथे नोकरीच्या व्हिसाआधी मेडिकल करावं लागतं. त्या सकाळी तो इस्त्रीचा शर्ट घालून निघाला, तेव्हा दारात उभं राहून रॉनी त्यालाही हेच म्हणाला होता... काही नाही, पाच मिनिटांचं काम, हसत जा, हसत ये.

एक्स-रेमध्ये छातीत डाग निघाला. रिपोर्ट अनफिट आला, व्हिसा मिळाला नाही आणि थोड्याच दिवसांत तो बॅग भरून वसईला परत गेला. एलिशाने विचारलं तेव्हा आम्ही एवढंच सांगितलं होतं की अंकल अनफिट झाला म्हणून गेला.

म्हणजे रविवारपासून माझी लेक मनातल्या मनात परत जायची तयारी करत होती. किंचाळली नाही, चावली नाही... टूथब्रश तेवढा आठवणीने घेतला. मला रडूच आलं.

मी मागच्या सीटवर तिच्याशेजारी जाऊन बसले. एडविन अंकलची ती नोकरीसाठीची तपासणी होती, इथे कुणी फिट-अनफिट ठरवत नाही, असं सांगितलं. राग आला, भीती वाटली तर काय करायचं, ते मॅडम तुला शिकवतील आणि मलासुद्धा. पाय हलले तर हलू देत. आणि हे पाच मिनिटांचं काम नाही, बरेच महिने जायचंय... पण दर वेळी दोघी जाऊ आणि दोघी परत येऊ.

"प्रॉमिस?" तिने विचारलं. चेहऱ्यावर विश्वास दिसत नव्हता, आणि का दिसावा...

मी पर्समधून घराची किल्ली काढून तिच्या हातात दिली. आता ही तुझ्याकडे, तू आल्याशिवाय मला घरात जाताच येणार नाही. तिने थोडा विचार केला. "बट डॅडा हॅज वन." म्हटलं, डॅडा ऑफिसात आहे. "ओके," म्हणाली, आणि मूठ बंद केली.

थेरपिस्ट मॅडम लेबनॉनच्या, मोकळ्या हसणाऱ्या. एलिशाने गुड मॉर्निंग म्हटलं नाही, डोळ्यांत बघितलं नाही. थेट विचारलं, "विल यू सेंड मी टू इंडिया?"

मॅडमनी एकदा माझ्याकडे बघितलं आणि जमिनीवर मांडी घालून तिच्यासमोर बसल्या, अरबीतली लाडाची हाक मारून म्हणाल्या, "नो, हबीबती. आय नीड यू हियर नेक्स्ट वीक."

ती आत गेली. मध्ये एकदा तिचा किंचाळण्याचा आवाज बाहेर आला, मी खुर्ची घट्ट धरून बसून राहिले. बाहेर आली तेव्हा तळहातावर किल्लीचा लाल वळ उठला होता.

घरी कुलूप तिनेच उघडलं. आधी किल्ली उलटी फिरवली, पण मला हात लावू दिला नाही. मग बूटही न काढता तडक बाथरूममध्ये गेली आणि टूथब्रश पुन्हा ग्लासात ठेवला.

तिने तो पासपोर्ट तोंडाने मागितला, त्याबद्दल मी देवाचे मनापासून आभार मानते. नाहीतर माझी लेक आत बॅग कवटाळून बसली असती... आणि मी बाहेर, ती रंग बरोबर सांगतेय ना, याची काळजी करत.