आम्ही फक्त जोडतो

"पोंछा पकड़. आज लाइन पे तू नहीं बैठेगी."

फॅक्टरीच्या सगळ्या लाइनसमोर सुपरवायझरने पोछा माझ्या हातात दिला. दिल्लीहून सरकारी साहेब पाहणीला येणार होते. माझ्या खुर्चीवर रिसेप्शनची मुलगी बसवली. गोरी.

"सर, टेस्टिंग तो मैं करती हूँ."

"फोटो निकलेगा. और तुम लोगों को पोंछा सिखाना थोड़ी पड़ता है."

पहिल्याच दिवशी त्याने माझं आडनाव विचारून घेतलं होतं. तेव्हापासून माझ्या हातचं पाणी बंद.

कुणीतरी हसलं. मी पोछा धरला. हो, धरला. नोकरी गेली तर यवतमाळला कोणत्या तोंडाने जाऊ, एवढंच डोक्यात.

इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा आहे माझा. तयार फोन बाहेरून आणला की सरकार जबर आयात शुल्क लावतं, इथे केला की सवलत देतं. म्हणून फरीदाबादला ही फॅक्टरी आली. म्हणून मी आले. बाबा वस्तीभर सांगायचे, पोरगी फोन बनवते. कसलं बनवणं? भाग सगळे परदेशातून खोक्यांत यायचे. आम्ही स्क्रू पिळायचो, तपासायचो, डब्यात भरायचो.

साहेब आले. माझ्या खुर्चीपाशी थांबले. मदरबोर्ड उचलून विचारलं, "ये यहीं बनता है?"

मुलगी गोंधळली. सुपरवायझर पुढे झाला. "बिल्कुल सर. सब यहीं."

माझ्या हातातून पोछा सुटला. की मीच टाकला.

"नहीं सर. बाहर से आता है. हम सिर्फ जोड़ते हैं. और वो कुर्सी मेरी है."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मदरबोर्ड खाली ठेवला. चहाला निघून गेले.

तासाभरात एचआरचं बोलावणं. राजीनामा टाइप करून तयार. कारण: घरगुती. मॅडम पुण्याच्या निघाल्या. हळूच म्हणाल्या, "सही कर गं. नाहीतर या भागात तुला कुणी उभं करणार नाही."

तरी कागद परत सरकवला.

"घरी काही झालं नाही, मॅडम. झालं ते इथे झालं. काढायचं तर काढा, पण कारण खरं लिहा."

काढलं. कारण न लिहिता.

तीन महिने झाले. खरंच कुणी उभं करत नाही. बाबांचा फोन आला की काय बोलू कळत नाही, कधी उचलतच नाही. तक्रारीचा अर्ज घेऊन कामगार कार्यालयात खेपा घालते. तिथला बाबू म्हणतो, "जात वाला पैरा काट दो, मैडम, फिर ले लेंगे."

खोडणार नाही. एक अक्षरसुद्धा नाही.