आंतोन लोपीस कुठे गेला?

आमच्याकडे येणारी माणसं पूर्वजांची नोंद सापडावी म्हणून येतात. रेमंड परेरा मात्र आजोबांचं लग्न सापडू नये म्हणून माझ्यासमोर देवाचं नाव घेत बसले होते.

मी ऑस्ट्रेलियातल्या टूवूंबाच्या लायब्ररीत लोकल हिस्टरी डेस्कला असते. जुनी वर्तमानपत्रं, मतदार याद्या, जन्ममृत्यूच्या नोंदी यांतून लोकांना त्यांची माणसं शोधून द्यायची, हे माझं काम. रेमंड वसईजवळच्या गिरीजचे, रिटायर्ड शिक्षक. ब्रिस्बेनजवळ स्प्रिंगफील्ड लेक्सला मुलाकडे आले होते आणि आल्यापासून टूवूंबाला ने म्हणून त्याच्या मागे लागले होते. काउंटरपलीकडून मी मराठीत बोलले तेव्हा त्यांना केवढं हायसं वाटलं.

त्यांच्या आईचे वडील, आंतोन लोपीस, बोटीवर कुक होते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात छातीचा आजार झाला, म्हणून त्यांना ब्रिस्बेनला उतरवलं आणि कोरड्या हवेसाठी इकडे वर डोंगरावर पाठवलं. इथून घरी एक पत्र गेलं. पुढे काहीच नाही. गावाने परस्पर निकाल लावून टाकला: आंतोनने तिकडे दुसरं लग्न केलं. मुलगी, लुसी, तेव्हा लहान होती. ते बोलणं ऐकतच ती मोठी झाली. आता नव्वदी ओलांडून अंथरुणाला खिळली आहे. रेमंड निघाले तेव्हा तिने बजावलं होतं, "वाईट असलं तरी खरं काय ते सांग. मला कळून मरायचंय."

म्हणून आधी लग्नांचा इंडेक्स पाहिला. इंडेक्स म्हणजे नोंदींची नावनिहाय यादी. त्यात आंतोन लोपीस नव्हता. रेमंडचा चेहरा खुलला. मला मात्र सांगावंच लागलं, की दुसऱ्या राज्यात लग्न केलं असेल तर ते इथे दिसणार नाही. चेहरा पुन्हा पडला. मग मृत्यूचा इंडेक्स काढला, आणि त्यात एक आंतोन लोपीस निघाला. मृत्यू त्या पत्राच्याच वर्षातला, वय साधारण जुळत होतं. पण वडिलांचं नाव कोरं, आणि जन्मठिकाण नुसतं 'इंडिया'.

मी आनंदाने उठून मॅनेजरकडे गेले. ट्रेसी पक्की टूवूंबाची, स्वभावाने कडक.

"नाव जुळलं म्हणून सांगून मोकळी होऊ नकोस," ती म्हणाली. "त्या नावाचे चार जण असतील. दुसरा पुरावा कुठाय?"

तिचं बरोबर होतं, म्हणून जास्तच राग आला. परत येऊन रेमंडना विचारलं, कबर शोधू या का? ते मला समजावण्याच्या सुरात म्हणाले, "मॅडम, इतक्या वर्षांनी कबर कुठली राहायला?"

त्यांच्या पॅरिशमध्ये, म्हणजे गावच्या चर्चच्या हद्दीत, दफनभूमीला जागा कमी. काही वर्षं गेली की कबर उघडतात, अस्थी काढून वेगळ्या ठेवतात आणि तिथे नवीन माणूस पुरतात. त्यामुळे सकाळपासून त्यांनी कबरीचं नावही काढलं नव्हतं. मी डोंबिवलीची, आमच्यात दहन. मलाही हे ठाऊक नव्हतं.

"इथे तसं करत नाहीत," मी म्हटलं. "ज्याला पुरलं, त्याचीच जागा. कुणी हलवत नाही."

ते माझ्याकडे बघतच राहिले. "म्हणजे आजोबा अजून तिथंच असतील?"

दफनभूमीच्या नोंदीत जागा मिळाली, कॅथलिक विभागात. पुढे कुणा स्वयंसेवकाने शेरा मारला होता: परकी लिपी, वाचता येत नाही. मी तो ट्रेसीला दाखवला. तिने एकदा शेऱ्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे.

"जा तू," ती म्हणाली. "डेस्क मी बघते."

कबरीवर दगड नव्हता, सिमेंटची बुटकी लादी होती. रेमंडच्या मुलाने हाताने माती झटकली. सिमेंट ओलं असताना कुणीतरी खिळ्याने कोरलेली वाकडीतिकडी देवनागरी अक्षरं वर आली. मी मोठ्याने वाचलं:

आंतोन लोपीस. गिरीज, वसई. लुसीचा बाप.

कोरणारा बोटीवरचा कुणी सोबती असणार. कोण, ते आम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही. रेमंड तिथेच गवतात बसले आणि लहान मुलासारखे रडले. मीही रडले.

त्यांनी तिथूनच आईला व्हिडिओ कॉल लावला. लादी दाखवली, वाचून दाखवलं. म्हातारीने विचारलं, "शेजारी कुणी बाई आहे का?"

रेमंडनी फोन फिरवून दाखवला. एका बाजूला कुणी आयरिश म्हातारा, दुसऱ्या बाजूला नुसतं गवत.

"बरं," ती म्हणाली. "मेणबत्ती लाव. आणि सांग त्याला, लुसीने पाठवलंय."

तेव्हापासून कुणी पूर्वज शोधायला आलं, की इंडेक्स उघडण्याआधी मी एक प्रश्न विचारते: तुमच्याकडे माणूस गेल्यावर त्याचं काय करतात? लोक जरा दचकतात. पण उत्तर देतात.