बस्त्याव विमानानं कोल्हापूरला गेला त्याची गोष्ट

वसईत पापडीच्या तळ्याकाठी आम्हा म्हाताऱ्यांची रोजची बैठक. एकानं कुठंतरी जाऊन यायचं आणि बाकीच्यांनी वर्षभर तेच चघळायचं. किस्से साठणार नाहीत तर काय! मी चार बुकं शिकलेला माणूस. म्हणून बस्त्यावचं कोल्हापूर मलाच लिहावं लागतंय, तो स्वतः सांगताना निम्मं खोटं सांगतो.

बस्त्याव म्हणजे माझा शेजारी, केळीवाला. मुलगी कोल्हापुरात दिलेली. तिथं पहिल्या नातवाचा बाप्तिस्मा. गुडघ्यांमुळे ह्याला रात्रभर गाडीत बसवत नाही आणि विमानाला हा टरकतो! मुलगी फोनवर रडायला लागली, "डॅडी, तुम्ही नसाल तर मी पोराच्या डोक्यावर पाणी घालू देणार नाही."

*

जावई म्हणाला, "डॅडी, विमानानं तासभरसुद्धा लागत नाही."

बस्त्यावला पटेना. "रस्त्यानं अख्खी रात्र जाते. हे तासात नेतात म्हणजे मधलं काहीतरी गाळत असणार!"

मी म्हटलं, "हो, घाट गाळतात."

"मग भाडं पूर्ण का घेतात?"

*

शेवटी केळीच्या सोपटाची, म्हणजे खोडाच्या सालीची, दोरी घेऊन त्यानं भिंतीवरच्या नकाशावर वसई ते कोल्हापूर अंतर मोजलं. दोरी मला दाखवली. "वीतभरपण नाही रे! उगाच घाबरलो." लगेच तिकीट काढायला सांगितलं. सोबतीला मी. दुसरं कोण त्याला सहन करणार?

*

मुंबईच्या विमानतळाला निघालो तर हायवेवर खाडीच्या पुलाआधी ट्रॅफिक जाम. टॅक्सी हलेना. बस्त्याव ड्रायव्हरला म्हणतो, "बाबू, विमान एवढं फास्ट आहे तर त्यालाच पापडीला बोलवायचं होतं. आमच्या केळीत उतरवलं असतं!"

*

विमानतळावर तपासणीत ह्याच्या कंबरेला कोयती! वाडीत जाताना खोचायची सवय, सुटाखालीपण खोचलेली. शिपाई मराठी निघाला म्हणून वाचलो.

"आजोबा, ही कशाला?"

"पन्नास वर्षं कंबरेला आहे. लग्नातपण होती!"

"बायको घाबरली नाही?"

"तिची माझ्याहून मोठी होती!"

कोयती तिथंच राहिली. आम्ही सुटलो.

*

आता विमानातलं. आमच्याकडे क्रिस्तांव माणूस प्रवासाला निघाला की रोजरी, म्हणजे माळेवरची प्रार्थना, म्हणतो. बस्त्यावचा नेम तर कडक. येशूच्या आयुष्यातल्या प्रसंगांची रहस्यं ओळीनं म्हणायची: आधी आनंदाची, मग दुःखाची, मग गौरवाची. गाडीनं जाताना तिन्ही संपून वर झोपही व्हायची. विमान उडालं तसं ह्यानं डोळे घट्ट मिटले, हातात माळ धरली आणि मोठ्यानं सुरू केलं. पुढची-मागची माणसं वळून बघतायत. मी खिडकीतून बघत बसलो, जसा काही हा माझा कोणी नव्हेच.

धाडकन चाकं टेकली. लोक उठले, बॅगा काढल्या, उतरलेसुद्धा. हा जागचा हलेना!

हवाईसुंदरी आली. "आजोबा, कोल्हापूर आलं. बाहेर तुमची माणसं वाट बघत असतील."

बस्त्यावनं एक डोळा उघडला. "पोरी, आत्ता कुठं दुःखाची संपली. तशीच घेऊन नातवाकडे जाऊ? ड्रायव्हरला सांग, वरून एक चक्कर मार, गौरवाची तेवढी उरकतो!"