कावळ्यापुढचं भाषण

तमाम क्रीडाप्रेमी, माता-भगिनी आणि मंडपामागे पत्ते कुटत बसलेली ज्येष्ठ मंडळी, इकडे लक्ष द्या! उरणपासून अलिबागपर्यंत टेनिस क्रिकेटच्या मैदानांवर ज्याने माईक गाजवला तो मी, एका सकाळी खाडीकाठी, एका कावळ्यासमोर सपशेल हरलो. हे जाहीर करताना अत्यंत दुःख होत आहे.

दुःख खरंच होत आहे. तो माझ्या थोरल्या भावाचा दहावा होता.

भाऊ न्हावा शेव्याला ट्रेलर चालवायचा. छातीत दुखतं म्हणायचा, पण डॉक्टरकडे जात नव्हता. शेवटी वहिनीने अबोला धरला. त्या दिवशी तिने न बोलता डबा ओट्यावर ठेवला, त्याने न बोलता तो तिथेच सोडला आणि गेला. बंदराच्या गेटबाहेर, गाड्यांच्या रांगेत, स्टेअरिंगवरच सगळं आटोपलं. तेव्हापासून वहिनीचं एकच, ते माझ्यावर रागावून गेले. आम्ही परोपरीने समजावलं, तिला पटेना. आता निकाल कावळाच देणार होता.

आणि कावळा पिंडाला शिवेना. खाडीतल्या तिवरांच्या झाडांवर सगळे कावळे प्रेक्षकांसारखे बसून होते.

मग आमच्याकडची रीत सुरू झाली. गेलेल्याची इच्छा कुठे अडकली असेल ते ओळखायचं आणि मोठ्याने शब्द द्यायचा. काकांनी मुलीच्या लग्नाचा शब्द दिला. मेहुण्याने घरावर स्लॅब टाकायचा दिला. एका मित्राने सांगितलं, तुझ्या पोराला टीमचा कप्तान करतो. त्या पोराला बॅट कुठल्या बाजूने धरायची तेही ठाऊक नव्हतं. कावळे ढिम्म.

वडील माझ्याकडे वळले. "तू बोल रं. तुझं आयकतात लोक."

मी घसा साफ केला आणि बोललो. काय बोललो! त्याचे कष्ट, त्याची माया, पोरका झालेला उंबरठा. आवाज जिथे कापायला हवा तिथे बरोबर कापला. बायका हुंदके देऊ लागल्या, भटजींनीही उपरण्याने डोळे टिपले. कावळ्याने मान वाकडी करून पंख खाजवला. बोलता बोलताच माझ्या लक्षात आलं, मी मागे उभ्या असलेल्या माणसांशी बोलतोय, भावाशी एक अक्षरही बोललो नाही. पुढचं वाक्य तयार होतं, ते गिळलं.

बराच वेळ गेला. भटजी खाली बसून दर्भाचा कावळा वळायला लागले. वहिनी त्यांच्या बोटांकडे बघत राहिली. एकदा ती गाठ बसली की तिच्यापुरतं ठरलं असतं, नवरा रागातच गेला.

गावात अजून सांगतात, माझ्या भाषणाने कावळा आला. साफ खोटं. तो आला वहिनीच्या बोलण्यावर. सासऱ्यांसमोर कधी मोठ्याने न बोललेली वहिनी बायकांच्या घोळक्यातून पुढे झाली, पदर खांद्यावर घसरलेला, आणि पिंडाकडे बघून एकदम बोलून गेली,

"आवं, जेवा की आता. राग कवाच गेलाय माझा."