लेकाच्या जिवावर

सिपोराबाईंचं माहेर पेणचं, सासर रोह्याचं. आळीतली बाकीची बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या ज्यूंची, घरं एकेक करून इस्रायलला गेली. नवरा हासाजी वारल्यावर ह्या मागं राहिल्या त्या कडव्या वालांच्या धंद्यावर. वाल भिजवायचे, फडक्यात बांधून मोड आणायचे, सोलून बिरडं विकायचं. गिऱ्हाईक दारात येई, गप्पा मारून जाई. शनिवारी, शब्बाथला, मात्र धंदा बंद, आणि दिवसभर बोलायला माणूस नाय.

एकुलता लेक रूबेन. लिस्बनला नोकरी करता करता पोर्तुगालचा नागरिक झाला, आता बेल्जियमला राहतो. त्याची मुलगी नोआ चालायला लागली तरी आजीनं तिला फोनच्या काचेतच बघितलेली.

रूबेननं नियम समजावला होता. "आई, मी युरोपचा नागरिक, आणि राहतो पोर्तुगाल सोडून युरोपातल्या दुसऱ्या देशात. म्हणून माझ्यावर अवलंबून असलेल्या आईला थोड्या दिवसांचा व्हिसा फुकट मिळतो. माझ्या पैशावर तुझं घर चालतं, एवढं दाखवायचं."

मुंबईत व्हिसाच्या कचेरीत खिडकीतल्या बाईंनी मराठीतच विचारलं, "आजी, घरखर्च कोण चालवतं?"

सिपोराबाई ताठ झाल्या. "कोण म्हंजे? मीच! लेकाच्या पैशाला बोट नाय लावलं. बँकेत पडलाय सगळा, बघा हवं तर."

गावात कुणी विचारलं की हेच सांगायची सवय. अर्ज फेटाळला गेला.

"आई, काय बोललीस गो!" रूबेन फोनवर म्हणाला.

"मग खोटं बोलू?"

"खोटं नको. खरंच माझ्या पैशावर रहा. का राहतेस ते विचारत नाहीत, राहतेस का तेवढंच बघतात. काही महिन्यांनी परत अर्ज टाकू."

सिपोराबाईंनी तराजू, टोपल्या समोरच्या सरूला दिल्या.

"काकी, मस्करी करता काय? तुमी नि रिकाम्या बसणार? देवळातला नंदी उठंल त्याच्या आधी!"

"बसन गो. नातीला मांडीवर घ्यायचीय."

आठवडाभरात दार सुनं पडलं. मग कोलाडच्या खानावळीचा गोविंदा आला.

"काकी, बिरडं?"

"सरूकडं जा."

"आजारी हाव काय?"

"नाय रे." जीभ अडखळली. "लेकावर खाते आता."

"बरं झालं की! सुखी झालात."

चहा घेतोस का, विचारीपर्यंत तो रस्ता ओलांडून गेलासुद्धा. समोरच्या ओट्यावर बिरड्याच्या भावावरनं सरूशी त्याची जुंपली, हशा उसळला. सिपोराबाई दार लोटायला उठल्या. कडीला हात लावून ऐकत उभ्या राहिल्या.