धुराड्याच्या फटी

सत्तर सालच्या आसपासची गोष्ट. भोरला आमच्या दारात गवंडी चुना कालवत बसला होता आणि माझं डोकं तापलेलं होतं... इतक्या वर्षांनी लिहायला बसले तरी तापतंच आहे.

नणंदेला बघायला सारोळ्याचे पाहुणे येणार होते. म्हणून आण्णांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, रस्त्याकडच्या भिंतीच्या दर्जा भरायला काढल्या होत्या. दर्जा म्हणजे विटांमधले सांधे. भोरच्या पावसात त्यांतला चुना धुपून जातो. तो खरवडून काढायचा, पाणी मारायचं आणि नवा चुना दाबून भरायचा.

ती भिंत नुसती दिसायला वाईट होती. खरं दुखणं मागे होतं, स्वयंपाकघरात.

कुठल्याशा बंगल्यात बघून आण्णांनी चुलीवर, भिंतीतच, विटांचं धुराडं बांधून घेतलं होतं. आळीत कुणाकडे नाही असं... त्याचा त्यांना फार अभिमान. पण वर्षानुवर्षांच्या आचेनं सांध्यांतला चुना भुगा होऊन गळत होता. फटीत माझं बोट शिरायचं. धूर वर जायचा सोडून त्या फटींतून भिंतीपलीकडे निघायचा, आणि पलीकडे होती बाळंतिणीची खोली.

माझी धाकटी जाऊ सुशीला तिथे तान्हं बाळ घेऊन निजलेली. खोलीला खिडकी नाही, वारं लागू नये म्हणून दार लोटलेलं. बाळ खोकायचं, छाती वाजायची. नाक पुसलं की फडक्यावर काळं. यावर घरात उपाय काय केला? दृष्ट काढली... मीठ-मोहरी-मिरच्या बाळावरून उतरवून त्याच चुलीत टाकल्या. म्हणजे आणखी धूर.

मी मॅट्रिक झालेली, म्हणून घरचा हिशोब माझ्याकडे. पुढच्या भिंतीचा चुना उरणार हे मला दिसत होतं. वाळू दारात, गवंडी दारात... वेगळा खर्च असा काहीच नव्हता. ह्यांच्याकडे विषय काढला, तर आण्णांना विचार म्हणाले. गवंडी धोंडिबांना विचारलं. ते म्हणाले, भरतो की, पण चूल चार-पाच दिवस थंड पाहिजे, नाहीतर ओला चुना आचेनं तडकेल.

तिथेच सगळं अडलं. आमच्याकडे चूल कधी विझू द्यायची नाही. रात्री निखारे राखेखाली झाकायचे आणि सकाळी त्यांवरच फुंकर घालून जाळ करायचा. घरात मयत झालं तरच चूल थंड, त्यामुळे थंड चूल म्हणजे अभद्र.

मी देवाधर्माची बाई आहे. चूल सारवून हळदकुंकू वाहिल्याशिवाय मी कधी चहाचं आधण ठेवलेलं नाही. पण मला सांगा, अग्नी जर देव आहे, तर तो तान्ह्या लेकराचा बळी मागेल का?

मी ओसरीवर जाऊन आण्णांना म्हटलं, निखारे शेगडीत काढून मागच्या पडवीत नेऊ, तिथेच स्वयंपाक करू. विस्तव घरातच राहील. आण्णा पान लावत होते. धुराडं त्यांनी स्वतः उभं राहून बांधून घेतलंय, त्याला काही झालेलं नाही म्हणाले. पोरं खोकतातच म्हणाले. आणि पाहुणे यायच्या तोंडावर हे भलतं कशाला...

“ह्या घरात मयत झाल्याबिगर चूल इझल्याली न्हाई.”

“मग झाल्यावरच विझवायची का, आण्णा?”

तोंडून गेलं माझ्या. धोंडिबांची थापी थांबली. हे माझ्याकडे असे बघत होते, जसं काही आता मला माहेरच्या एसटीत बसवणार. आतून बाळाचा खोकला तेवढा ऐकू येत होता.

सासूबाई उठल्या. आण्णांसमोर त्यांना मान वर करून बोलताना मी तोवर पाहिलं नव्हतं. त्या आत गेल्या, चिमट्यानं एकेक निखारा शेगडीत घेतला आणि ती शेगडी घेऊन ओसरीवर आल्या.

“इस्तू ह्यो हितं हाय. जित्ता हाय. धोंडिबा, तू आत ये रं.”

आण्णांचं लावलेलं पान तसंच हातात राहिलं.

धोंडिबांनी खरवडायला घेतलं तसा घमेलंभर काळा भुगा निघाला. मागच्या दारानं टाकता आला असता... मी तो मुद्दाम ओसरीवरून नेला. आण्णांना दिसावा म्हणून.

बाळाचा खोकला हळूहळू उतरला. सुशीला रात्रीची निजायला लागली. पाहुणे आले तेव्हा आण्णा त्यांना आत घेऊन गेले आणि धुराडं दाखवून म्हणाले, आत्ताच दुरुस्त करून घेतलंय मी. नातवाला धूर लागत होता ना... मी चहाचे कप घेऊन तिथेच उभी होते. कप आपटले नाहीत, एवढंच.

पण सांगायचंय ते पडवीतल्या एका सकाळचं. चूल अजून थंड होती. उघड्यावर, वाऱ्याशी आम्ही दोघी भाकरी करत होतो. सासूबाईंनी चुलीपुढच्या सवयीनं पदर डोळ्यांना लावला, आणि बघतात तर पदर कोरडा.

“आज डोळं गळंना झाल्यात गं माजं,” म्हणाल्या. “मला वाटायचं, लेकरं झाली की बायांचं डोळं असंच व्हत्यात.”

आण्णांवरचा राग माझा केव्हाच निवला. ते जाऊनही खूप वर्षं झाली. सासूबाईंच्या त्या वाक्याचा राग मात्र जात नाही... कुणावर काढायचा तेही कळत नाही.

देवापुढे दिवा लावताना मी आजही सासूबाईंचं नाव घेते. आणि त्या वेळी मनात राग आला, तर त्याबद्दल देवाची माफी मागत नाही.